काटक फुप्फुसांचे काय?



‘धावपटू काटक असतात, त्यांना धुरक्याचे भय कशाला?’ हे पत्र वाचले. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो; नेटाने धावणारा त्याच्या दहापट, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची चाळणी चुकवून. काटकपणा इथे अंगाशीच येतो. त्यात हिवाळ्यातली पहाट! जमिनीलगतची गार हवा उन्हं वर येईपर्यंत हलत नाही, आणि शर्यत नेमकी तेव्हाच सुटते.

दिल्लीत २०१७ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने अर्धमॅरेथॉन पुढे ढकलायला सांगितले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तरी १९ नोव्हेंबरला शर्यत झालीच. मार्गावर म्हणे मिठाचे पाणी मारणार होते. त्याने रस्त्याची धूळ बसेल, हवेतला धूर कसा बसणार? पुढच्या वर्षी मात्र ती ऑक्टोबरात घेतली. तारीख हलते, हलवणारे हवेत.

रिक्षावाले, वाहतूक पोलीस रोज हीच हवा घेतात, हे पत्रलेखकाचे म्हणणे खरे. पण ते पोटासाठी. हौसेच्या शर्यतीला त्यांचा दाखला कशाला? मुंबईची मॅरेथॉन तर जानेवारीतच असते. हवा किती बिघडली की शर्यत रद्द, तो आकडा आयोजकांनी प्रवेश-अर्जावरच छापावा. शुल्क परत मिळेल, हेही.

— एक वाचक, ठाणे