सोशिक नव्हे, कसबी!

खेळाडूचे मोठेपण आपण पदकाच्या रंगावरून ठरवतो. सुवर्ण आले तर मिरवणूक, रौप्य आले तर हळहळ आणि कांस्य आले तर "चला, रिकाम्या हाताने तरी परतली नाही" एवढा दिलासा! या हिशेबाने पाहिले तर फिनलंडच्या येन्नी हीरिकोस्कीविषयी चार ओळींपलीकडे लिहिण्याचे कारण उरत नाही. व्हँकुव्हर २०१०, प्यॉंगचँग २०१८, बीजिंग २०२२ अशी ऑलिंपिकची तीन कांस्यपदके तिच्या नावावर आहेत. मधल्या २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये उपान्त्यपूर्व फेरीतच स्वीडनने त्यांना घरी पाठवले. म्हणजे बारा वर्षांत चार ऑलिंपिक, आणि तिन्ही वेळा पायरी तिसरीच.

परंतु माझे मत असे आहे की आपला हिशेबच चुकीचा आहे. तो का, हे सांगण्यासाठी आधी खेळ सांगायला हवा. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला किंवा गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यावर धावायचे असते ही कल्पनाच आपल्याला गंमतीची वाटते. फिनलंडमध्ये मात्र हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरेसोरे पायांत स्केट बांधून त्यांवर उतरतात. आइस हॉकीत एका संघाचे सहा जण मैदानात असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूच्या जागी कठीण रबराची चकती. तिला 'पक' म्हणतात. मैदान साधारण साठ मीटर लांब, भोवती लाकडी-काचेचे कुंपण. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका की खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमतात आणि सामना चालू असतानाच बदली खेळाडू कुंपणावरून उडी घेऊन आत येतात.

या खेळात बचावपटूचे काम कोणते? समोरून आघाडीची खेळाडू पक घेऊन सुसाट येत आहे. बचावपटूने तिच्याकडे तोंड करून उलटे, म्हणजे पाठीमागे घसरत जायचे. पुढे धावणारी नेहमीच मागे घसरणारीपेक्षा वेगवान असते, हे साधे गणित आहे. मग तिला अडवायचे कसे? अंतर राखून. फार जवळ गेली तर ती बगल देऊन निसटेल, फार दूर राहिली तर तिला नेम धरायला सवड मिळेल. हळूहळू तिला मैदानाच्या मध्यातून कुंपणाकडे रेटत न्यायचे, जिथून गोल दिसतो पण मारता येत नाही. शिवाय हीरिकोस्कीच्या कारकीर्दीच्या बहुतेक काळात महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुरुषांसारखी अंगावर धडक देण्यास मनाई होती. त्यामुळे दांडगाईने प्रश्न सुटत नाही. काठी कुठे, पाऊल कुठे, आणि समोरची पुढच्या क्षणी काय करील, एवढ्यावरच सगळे अवलंबून.

आता गंमत पाहा. हे काम उत्तम झाले तर काय घडते? काहीच घडत नाही! गोल होत नाही. जे घडलेच नाही ते फलकावर लिहिणार कसे? आघाडीच्या खेळाडूचा गोल मोजला जातो, त्याआधी पक देणाऱ्या दोघींची नावेसुद्धा टिपली जातात. बचावासाठी अधिक-उणे नावाचा एक ओबडधोबड हिशेब आहे. दोन्ही बाजूंना सारखेच खेळाडू असताना तुम्ही मैदानात आहात आणि आपला गोल झाला तर एक गुण अधिक. झाला तर तुमच्यावर, एक गुण उणा. त्यात गोलरक्षकाची चूक बचावपटूच्या माथी बसते आणि सहकाऱ्याचे श्रेय फुकट मिळते. घरातल्या ज्या कामाचा कुणाला पत्ता लागत नाही ते एक दिवस राहिले की लगेच सर्वांना दिसते, तशातलाच हा प्रकार.

हीरिकोस्कीचे वैशिष्ट्य असे की न दिसणारे हे काम तिने जगाला पाहायला लावले. जागतिक स्पर्धेतली सर्वोत्तम बचावपटू म्हणून तिची एकदा नव्हे, अनेकदा निवड झाली. ती केवळ अडवत नसे, तर अडवलेली पक घेऊन स्वतःच चढाईला सुरुवात करीत असे. आपल्या गोलापाशी पक मिळाल्यावर घाईने कुठेतरी भिरकावून द्यायची नाही, मान वर करून पाहायचे आणि मोकळ्या सहकारिणीच्या काठीवर नेमकी पोचवायची. ऐकायला सोपे वाटते. दोघी अंगावर धावून येत असताना मान वर ठेवणे किती जणींना जमते?

तिचा जन्म ३० मार्च १९८७ चा, टांपेरे शहराजवळच्या लेंपाला या गावचा. (फिनिश भाषेत 'हीरी' म्हणजे उंदीर आणि 'कोस्की' म्हणजे नदीचा खळाळ, असे कळले. उंदराचा खळाळ! आडनावांच्या बाबतीत आपणच विनोदी आहोत अशी माझी समजूत होती.) टांपेरेच्या इल्व्हेस संघातून ती पुढे आली, मग युवॅस्कुलाच्या जे.वाय.पी. संघाकडून खेळली आणि २०१६ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ शहरी गेली. लुलेओच्या संघाने २०१८, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ अशी पाच वेळा स्वीडनची लीग जिंकली ती तिच्या काळातच. तेव्हा "तिला सोने कधी मिळालेच नाही" असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. मोठ्या दोन स्पर्धांत मिळाले नाही, हे खरे.

त्या दोन स्पर्धांची हकिगतही न्याय्य तराजूत घालायला हवी. महिलांची जागतिक स्पर्धा १९९० साली ओटावात सुरू झाली. तेव्हापासून २०१७ पर्यंत अठरा स्पर्धा झाल्या आणि अठराही अंतिम सामने कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच झाले. एकदाही तिसऱ्या देशाला आत पाऊल टाकता आले नाही. पंचावन्न-छप्पन लाख वस्तीच्या देशाने या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मागे उभे राहून तिसरी जागा धरून ठेवायची, याला मी अपयश म्हणायला तयार नाही.

आणि मग २०१९ साल उजाडले. स्पर्धा फिनलंडमध्येच, एस्पो शहरात. हीरिकोस्की कर्णधार. उपान्त्य सामन्यात फिनलंडने कॅनडाला ४-२ असे हरवले! १४ एप्रिलला अंतिम सामना अमेरिकेशी. सुमारे ६००० प्रेक्षक. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला आणि पेत्रा निएमिनेनने गोल केला. फिनलंडच्या मुलींनी शिरस्त्राणे, काठ्या, हातमोजे हवेत उडवले, एकमेकींच्या अंगावर ढीग केला. जग जिंकले होते.

पण पंच चित्रफीत पाहायला गेले. मिनिटे जात राहिली. गोल होण्यापूर्वी हीरिकोस्की आणि अमेरिकेची गोलरक्षक ॲलेक्स रिग्जबी यांची टक्कर झाली होती. निर्णय असा आला की गोलरक्षकाला अडथळा झाला, म्हणून गोल रद्द. आणि त्याच क्षणाबद्दल रिग्जबीलाही पाय घालून पाडल्याची शिक्षा! मी ते दृश्य मोबाइलवर वारंवार पाहिले आहे. एकाच टकरीत जिला पाडले तिनेच अडथळा केला, हे माझ्या बुद्धीला अजून पटत नाही. नियमाच्या पुस्तकात दोन्ही कलमे शेजारी बसत असतील. कलमे बसतात म्हणून न्याय बसतोच असे नाही. उडवलेले हातमोजे गोळा करून त्या पुन्हा खेळायला उभ्या राहिल्या. गोलरक्षक नूरा रॅतीने त्या सामन्यात ५० फटके अडवले. अखेर एकेकीच्या फटक्यांवर निकाल लागला : अमेरिका २, फिनलंड १. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही मान हीरिकोस्कीला मिळाले.

ही हकिगत मी मैत्रिणींना सांगते तेव्हा हमखास उद्गार येतो, "किती सोसलं गं तिने!" माझा विरोध आहे तो नेमका इथे. पुरुष खेळाडू वीस वर्षे खेळला तर आपण त्याला मुरब्बी म्हणतो, कसबी म्हणतो. बाई खेळली तर तिची चिकाटी, तिचा सोशिकपणा! माझ्या आजीला सगळे गाव सोशिक म्हणायचे. पण तिचा हात बियाण्याच्या निवडीत किती पक्का होता हे कुणी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही. सोशिक म्हटले की एक सोय होते. सोसायला लावणाऱ्याकडे बोट जात नाही.

महिलांच्या हॉकीत सोसायला लावणारी व्यवस्था कोणती, ती पाहा. फिनलंडच्या लीगमध्ये खेळून बाईचे पोट भरत नसे. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव. कॅनडातली महिला लीग पैशाअभावी बंद होत असल्याची घोषणा झाली ती २०१९ च्या मार्चअखेर, म्हणजे एस्पोची स्पर्धा तोंडावर असताना. त्याच वर्षी मे महिन्यात फिनलंडचे पुरुष विश्वविजेते झाले. त्यांतल्या कुणाला उद्याच्या नोकरीची रजा मोजावी लागली नसेल. उत्तर अमेरिकेत महिलांची नवी व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा हीरिकोस्कीला छत्तीस वर्षे पूर्ण झालेली होती. वयाच्या पंचविशीत ही लीग असती तर? हा प्रश्न तिच्या चिकाटीच्या कौतुकात बुडून जाता कामा नये.

कुणी म्हणेल, पैसा नव्हता म्हणूनच खेळ निर्मळ राहिला. हे बोलणारे सहसा स्वतः पगार घेत असतात!

फिनलंडच्या या परंपरेत ती एकटी नाही, हेही सांगितले पाहिजे. एम्मा तेर्हो हीही बचावपटूच. १९९८ साली महिला हॉकी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पाच ऑलिंपिक खेळली आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाची अध्यक्ष झाली. रीक्का सॅलिनेन आघाडीची खेळाडू. नागानोला १९९८ साली कांस्यपदक जिंकले, पुढे खेळ सोडला, दहा वर्षांनी परत आली आणि २०१८ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कांस्यपदक! दोन पदकांमध्ये वीस वर्षांचे अंतर. आपल्याकडे चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई धावली तर लोक विचारतात, काय झालं, कुणाला बरं नाही का?

एस्पोच्या त्या रात्री सॅलिनेनही संघात होती, पंचेचाळीस वर्षांची. गोल रद्द झाल्यावर शिक्षेपोटी फिनलंडला काही काळ एक खेळाडू जास्त मिळाला होता. कर्णधार निळ्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली, मान वर करून मोकळी काठी शोधू लागली.