निदान 'निदान' तरी करा!

सुरुवातीलाच कबूल करते. माझी शाळा कॉन्व्हेंट. 'निदान' या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता, 'निदान फोन तरी करत जा' मधला. दुसरा अर्थ मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिकले, तोही वरळीच्या बीडीडी चाळीत, प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली डोकं घालून. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या, पण मुद्दा सोडू नका!

आमच्या आजोबांनी 1982 च्या गिरणी संपानंतर टॅक्सी धरली. पुढची पंचवीस वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिनीत काढली आणि रिटायर झाल्यावर काय केलं? सेकंडहँड पद्मिनीच घेतली, पांढरी! मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. आमची खोली 160 स्क्वेअर फुटांची, पण जांबोरी मैदानाच्या बाजूला उभी असलेली ती गाडी म्हणजे त्यांची दुसरी खोली. पेपर तिथेच, डुलकी तिथेच.

तर सप्टेंबरमध्ये आजोबांचा होस्टेलवर फोन आला. "बाय, स्टार्टर जोरात फिरतो, पण गाडी काय लागत नाय." मी मेसमध्ये पोहे खात होते. तोंडातला घाससुद्धा न गिळता सांगून टाकलं, "कॉइल गेली असणार!" का? तर त्याच आठवड्यात युनिट टेस्टला इग्निशन कॉइलची आकृती आली होती आणि मला दहापैकी नऊ मिळाले होते.

आजोबांची नजर आता अधू झालीय. शिवाय नात इंजिनीअर होतेय, तिच्या शब्दापुढे ते काय बोलणार? नवी कॉइल आली. गाडी ढिम्म. मग मी प्लग सांगितले. ढिम्म. मग बॅटरी. तीनदा पैसे गेले, आणि तिन्ही वेळा मी दीडशे किलोमीटरवरून, गाडी न बघता, ठामपणे सांगितलं होतं.

इकडे चाळीच्या पुनर्विकासाचं काम पुढे सरकत होतं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं! पण आमची चाळ रिकामी व्हायची होती आणि रस्त्यावरच्या बंद गाड्या हलवायच्या होत्या. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. मी घरी पोचले तेव्हा हातात चार दिवस होते.

मी मल्टीमीटर काढला. आजोबांनी कपाटातून एक बारा व्होल्टचा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी, एकीला क्लिप. म्हणाले, "हा टेस्ट लॅम्प. एका टायमाला एकच सवाल करायचा. जवाब आल्याबिगर पुढं नाय."

पहिला सवाल: ठिणगी आहे का? डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढली, लाकडी चिमट्यात धरून इंजिनच्या धातूपासून पाच मिलिमीटरवर ठेवली (हाताने धरू नका, हजारो व्होल्ट असतात!) आणि शेजारच्या दादाने स्टार्टर मारला. इंजिन गरागरा फिरलं. ठिणगी नाही.

बघा, एका सवालात काय काय सुटलं. स्टार्टर दमदार फिरतोय, आणि पहिल्या दिवशीही फिरत होता, म्हणजे जुनी बॅटरी निर्दोष. ठिणगी कॅपच्या आधीच मेलीय, म्हणजे गाडी बंद पडण्याचं कारण प्लग नव्हेत. माझे दोन सल्ले तिथेच फुकट गेले.

दुसरा सवाल: कॉइलपर्यंत करंट येतो का? चावी ऑन, बल्बची एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या प्लसला. पेटला. म्हणजे स्विच आणि तिथपर्यंतची वायर ठीक.

तिसरा सवाल महत्त्वाचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या मायनसला लावलेला बल्ब विझायला हवा, कारण तेव्हा करंट पॉइंटमधून सरळ बॉडीत उतरतो. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि त्याच क्षणी कॉइल ठिणगी देते. चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास रूढ केलेली हीच पद्धत पद्मिनीतही आहे. आजोबांनी गिअर टॉपला टाकला, पोरांनी गाडी इंचभर ढकलली, कॅम फिरला, पॉइंट मिटले. बल्ब मात्र पेटलेलाच!

"चावी लई वेळ ऑन ठेवू नको, कॉइल तापते," आजोबा मागून ओरडले. त्यांना बल्ब धड दिसतही नव्हता. मी जवाब सांगायचे, ते पुढचा सवाल सांगायचे.

डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलवर बल्ब लावला. पेटला, म्हणजे मधली वायर अखंड. मग स्क्रूड्रायव्हरने पॉइंटचा हलता हात बॉडीला टेकवला. बल्ब विझला. उचलला, तर त्या जाड वायरीतून चट्ट! निळी ठिणगी. म्हणजे कॉइल ठणठणीत, कंडेन्सर ठणठणीत. जुनी कॉइल परत लावून पाहिली, तीसुद्धा तेवढीच चट्ट!

उरलं काय? पॉइंटची दोन टोकं, मिटलेली दिसत होती पण करंट सोडत नव्हती. पावसाळाभर गाडी समुद्राच्या दमट हवेत उभी, टोकांवर काळा थर. आजोबांनी काडेपेटीची घासायची पट्टी फाडून दिली. घासलं, कापडाने पुसलं, फीलर गेजने गॅप लावली. दुसऱ्या स्टार्टरला पद्मिनी खोकली आणि सुरू झाली. खर्च: एक काडेपेटी, तीही देव्हाऱ्यातली.

आता मुद्द्यावर येते. मला टेस्टमध्ये दहापैकी नऊ होते. 'कंडेन्सरचे कार्य लिहा' हे मी झोपेतही लिहीन. पण 'गाडी सुरू होत नाही, काय कराल?' हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही कुणी विचारला नाही, ना पेपरात, ना व्हायव्हात. लॅबमधलं कापलेलं मॉडेल आपण बघतो, फाइल उतरवतो, सह्या घेतो. ते मॉडेल कधी बिघडत नाही, म्हणून आपणही कधी शिकत नाही.

तुम्ही म्हणाल, पॉइंटचा जमाना गेला, आता स्कॅनर लावला की कोड येतो. येतो ना! 'पी 0351' आला तर त्याचा अर्थ काय? पहिल्या कॉइलच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये, कॉइलमध्येच असं नाही! वायर तुटलेली असेल, कनेक्टर गंजलेला असेल, ईसीयूमधला ड्रायव्हर गेला असेल. तो कोड वाचून सरळ कॉइल बदलणारा आणि मेसमधून फोनवर कॉइल बदलायला सांगणारी मी, आमच्यात फरक काय? पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे. तो जुगार आहे, आणि पैसे दुसऱ्याचे असतात.

म्हणून सरांना आणि लॅबमधल्या दादांना एक विनंती. प्रत्येक बॅचला निदान एक प्रॅक्टिकल असं द्या, ज्यात तुम्ही मुद्दाम बिघाड करून ठेवलाय. हातात फक्त टेस्ट लॅम्प. मार्क उत्तराला नकोत, सवालांच्या क्रमाला द्या. कुठला सवाल आधी विचारला, का विचारला, जवाबावरून काय वगळलं. अंदाजाने बरोबर पार्ट सांगणाऱ्याला शून्य!

पद्मिनी आता कळव्याला मामांच्या सोसायटीत आहे. आजोबा रविवारी लोकलने जातात, तिच्यात बसून पेपर वाचतात. नवी कॉइल माझ्या होस्टेलच्या टेबलावर पडलीय. ती मी लॅबला द्यायला तयार आहे. अट एकच: तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'ही कॉइल विनाकारण विकत घेतली गेली'. खाली माझं नाव आणि रोल नंबर घाला, हरकत नाही.