सुबाभळीची पावती डार्विनच्या नावावर?

गेल्या शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर टेकडीवर झाडं लावायला गेलो होतो. टीशर्ट, वडापाव, ग्रुप फोटो, सगळं रीतसर. आणि रोपं कसली, तर सुबाभळीची! मी कुरकुरलो तेव्हा टीममधले एक विद्वान म्हणाले, "अरे, जे तग धरेल ते जगेल. डार्विन वाचला नाहीस का?"

वाचलाय की. म्हणून तर डोकं फिरलं.

सुबाभूळ मेक्सिकोकडची. तिथले लोक तिच्या गोतावळ्यातल्या झाडांच्या शेंगा पूर्वापार खात आलेत. ओआहाका हे नावच त्या झाडांवरून पडलंय. माणसांनी वेगवेगळ्या जाती परसात शेजारी-शेजारी लावल्या, त्यांचे संकर झाले. सुबाभूळ ही अशीच संकरातून आलेली, गुणसूत्रांचे चार संच बाळगणारी जात. तिला जोडीदार लागत नाही. एकटं झाड कुठेही नेऊन टाका, स्वतःच्याच परागांवर शेंगा धरतं. टणक बी जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतं. तोडा, बुंध्यातून पुन्हा फुटते. आणि तिला खाणारे किडे? बहुतेक सगळे मायदेशीच राहिले.

आता गंमत बघा. १९९६ साली रेमानेक आणि रिचर्डसन यांनी पाइनच्या २४ जाती तपासल्या. मोकाट पसरणाऱ्या जाती कोणत्या? बी हलकं, लवकर वयात येणाऱ्या, बियांचा भरघोस हंगाम वारंवार देणाऱ्या. आणि वृक्षारोपणवाल्यांना काय हवं असतं? झटपट वाढणारं, मुबलक बियांचं, देखभाल नको असं झाड. म्हणजे घुसखोरीची परीक्षा आपणच घ्यायची, पास झालेल्याला नर्सरीत पोसायचं, आणि वर म्हणायचं ‘निसर्गाने निवडलं’! टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला टाकणारे आपण, बग निसर्गाच्या नावावर.

बरं, उत्क्रांती तिथे थांबत नाही. अमेरिकेत नदीकाठी माजलेल्या टॅमरिस्कचा डीएनए २००२ मध्ये तपासला, तर सर्वांत जास्त सापडला तो दोन आशियाई जातींचा संकर. खुद्द आशियात तो आढळलाच नव्हता.

"पण बोडक्या टेकडीपेक्षा बरं ना?" हा पुढचा प्रश्न. अहो, बोडकी कुठली? गवत होतं, खुरटी झुडपं होती, त्यांत घरटी करणारे चंडोल होते. गवत दिसत नाही, कारण त्याच्यासोबत फोटो चांगला येत नाही.

असो. माझ्या वाट्याचा खड्डा मी पुन्हा बुजवला. ग्रुप फोटोत मी नाही.