उपस्थाता : चतुष्पादातील विस्मृत पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. विद्यार्थिदशेत आपण ही नावे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे दवाखाना थाटल्यावर पहिल्या दोन पादांतच रमतो. 2020 व 2021 च्या महामारीत शासनाचेही नेमके असेच झाले. वृद्धाश्रम, निराधारांची निवासगृहे, मनोरुग्णांचे पुनर्वसन प्रकल्प अशा दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांत तर उपस्थाता हाच मुख्य पाद असतो, आणि नेमका तोच विचारात घेतला गेला नाही.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत माझा दवाखाना आहे. जवळच्याच एका वृद्धाश्रमात मी दर आठवड्यास जात असे. 25 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि तेथील चार सेवकांपैकी तिघांचे येणे थांबले. एस.टी. बंद, रस्त्यावर नाकाबंदी, आणि हाती अत्यावश्यक सेवेचा परवाना नाही. उरल्या एक मावशी. घरी मुले ठेवून त्या सात आठवडे आश्रमातच राहिल्या. बत्तीस वृद्ध, त्यांपैकी पाच अंथरुणास खिळलेले. पक्षाघात झालेल्या एका आजोबांना त्या काळात शय्याव्रण झाले. मी जात्यादि तेल पाठविले, संपल्यावर पुन्हा पाठविले. परंतु दर दोन तासांनी कूस बदलावयास हात नसतील तर तेलाने काय व्हावे? आजोबा जूनमध्ये गेले. त्यांना कोविड नव्हता. त्यामुळे महामारीच्या कोणत्याही आकडेवारीत त्यांची नोंद नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एप्रिल 2020 मध्ये भारतीय अन्न महामंडळाकडून स्वयंसेवी संस्थांना लिलावाविना गहू 21 रुपये व तांदूळ 22 रुपये किलो दराने देण्याचा निर्णय झाला. सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2020 रोजी वृद्धाश्रमांतील सेवकांना संरक्षक साधने देण्याचा व आश्रमांच्या निर्जंतुकीकरणाचा आदेश दिला. पण हा आदेश टाळेबंदीनंतर चार महिन्यांनी आला, आणि तोही न्यायालयाकडून. आरोग्यसेवकांसाठी मार्च 2020 च्या अखेरीस 50 लाखांचे विमासंरक्षण सुरू झाले, ते शासकीय यंत्रणेतील आणि शासनाने सेवा अधिग्रहित केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. आमच्या मावशी त्यात कोठेच बसत नव्हत्या. (खाजगी दवाखाना चालविणाऱ्या वैद्यांच्या कुटुंबीयांनाही या विम्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे आपण विसरलेलो नाही.)

लसीकरणाची कथा याहून बोलकी आहे. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी लस खुली झाली 1 मार्च 2021 रोजी. त्यासाठी ओळखपत्र आवश्यक होते. आपल्या जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे दाम्पत्य रस्त्यावर सापडलेल्या निराधार, मनोरुग्ण भगिनींचा सांभाळ करते. ज्यांना स्वतःचे नाव-गाव सांगता येत नाही त्यांच्याकडे आधार कार्ड असणार कोठून? ओळखपत्र नसलेल्या वृद्धाश्रमवासी व मनोरुग्णालयवासी नागरिकांच्या लसीकरणाची कार्यपद्धती केंद्राने 6 मे 2021 रोजी काढली, आणि घराजवळ लस देण्याच्या सूचना त्याच महिन्याच्या 27 तारखेस. मधल्या दोन महिन्यांत दुसरी लाट कोठे पोहोचली होती, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

संपन्न देशही येथे चुकले. इंग्लंडमध्ये 2020 च्या वसंतात रुग्णालयांतील वृद्धांना तपासणीविना शुश्रूषागृहांत धाडण्यात आले; हे धोरण बेकायदेशीर होते, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला. तथापि मे 2020 मध्ये त्याच सरकारने शुश्रूषागृहांसाठी 60 कोटी पौंडांचा निधी दिला. सेवकाने एकाच संस्थेत काम करावे आणि विलगीकरणात असतानाही त्याचा पगार चालू राहावा, हा त्याचा प्रमुख हेतू होता. उशिरा का होईना, उपस्थात्याकडे लक्ष गेले.

आता थोडे आपल्याविषयी. आयुष मंत्रालयाचा सल्ला आला आणि आपण सर्वांनी काढ्याची पाकिटे व च्यवनप्राश हिरिरीने वाटले. औषधालयांच्या मालकांनी उदारपणे माल दिला. मात्र आमच्या आश्रमातील निम्म्या वृद्धांना मधुमेह होता, आणि साखरेचा च्यवनप्राश वर्षभर कपाटात पडून राहिला. काय हवे, हे कोणी विचारलेच नव्हते. भाळवणीस 2021 मध्ये हजारावर खाटांचे कोविड केंद्र लोकसहभागातून उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट होय. पण दातृत्वाचा तो ओघ आश्रमांच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचला.

ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 म्हणते की राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रम स्थापन 'करू शकेल'. 'करील' असे नव्हे. या एका क्रियापदातच सारे दुखणे आहे. ते बदलणे आपल्या हाती नाही. परंतु जिल्हा प्रशासनाकडे काही मागण्या आजच करता येतील. आश्रमांतील सेवकांची नोंद आरोग्यसेवक म्हणून व्हावी, म्हणजे पुढील साथीत परवाना, लस व विमा यांसाठी त्यांना वेगळी विनवणी करावी लागणार नाही. प्रत्येक रहिवाशाची ओळख-नोंद शांततेच्या काळातच पूर्ण व्हावी. आणि जवळच्या वैद्याची मानधनावर मासिक भेट ठरवून द्यावी. मानधन मिळेपर्यंत ती भेट आपण विनामूल्य द्यावी, असे मला वाटते.

या आशयाचा ठराव मी संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपल्या परिसरातील आश्रमांची व तेथील सेवकांच्या संख्येची माहिती सोबत आणावी.