गाव सुटले, भाषा सुटली नाही

‘तू मूळचा कुठला?’ मुंब्रा, कौसा, भिवंडी किंवा कल्याणच्या मुस्लिम तरुणाने हा प्रश्न कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचे घर शोधताना अनेकदा ऐकलेला असतो. कुणाचे आजोबा कोकणातून आले, कुणाचे उत्तर प्रदेशातून. कुणाचे आईवडील १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतले घर सोडून मुंब्र्यात आले. स्थलांतर हा आपल्या घराघरांतला इतिहास आहे. म्हणूनच इस्माईल मर्चंट यांची आठवण.

१९३६ साली मुंबईत जन्मलेल्या इस्माईल यांचे वडील कापडाचे व्यापारी आणि मुस्लिम लीगचे पुढारी होते. तरीही फाळणीच्या वेळी त्यांनी पाकिस्तानात जायला नकार दिला. त्या काळातला रक्तपात अकरा वर्षांच्या इस्माईलच्या मनात कायमचा राहिला. सेंट झेवियर्समधून पदवी घेऊन ते १९५८ मध्ये न्यूयॉर्कला व्यवस्थापन शिकायला गेले. खर्च भागवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात निरोप्याचे काम केले. १९६० साली त्यांनी निर्माण केलेल्या पहिल्याच लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

पुढच्याच वर्षी जेम्स आयव्हरी यांच्यासोबत त्यांनी ‘मर्चंट आयव्हरी’ ही कंपनी काढली. पटकथा बहुधा रूथ प्रावर झाबवाला यांच्या. म्हणजे एक अमेरिकन, एक जर्मनीतून निर्वासित झालेली ज्यू लेखिका आणि एक मुंबईचा मुसलमान. या तिघांनी ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ असे अस्सल इंग्रजी जीवनाचे चित्रपट केले. दोन्हींना प्रत्येकी तीन ऑस्कर मिळाले. इंग्रजांची गोष्ट सांगायला मर्चंट यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. पैशांची कायम ओढाताण असे. मानधन कमी मिळते अशी कलाकारांची तक्रारही असे. पण सेटवर सगळ्यांना ते स्वतःच्या हातचे जेवण खाऊ घालत.

मोठा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करायची वेळ आली तेव्हा मात्र ते उर्दूकडे वळले. अनिता देसाई यांच्या कादंबरीवरचा ‘मुहाफिज’ १९९३ चा. शशी कपूर यांनी त्यात एका थकलेल्या शायराची भूमिका केली. चित्रण भोपाळमध्ये झाले. एक भाषा आपल्याच माणसांच्या दुर्लक्षाने कशी विझत जाते, त्याची ही गोष्ट. ज्यांना हॉलीवूडची दारे उघडी होती, त्यांना हीच गोष्ट सांगावीशी वाटली.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या वस्त्यांवर सिनेमे आणि बातम्या खूप होतात. त्या बहुतेक बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या असतात. त्यांत गुन्हा असतो, गरिबी असते. भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी परीक्षेला जाणारा मुलगा नसतो. घरी कोकणी, मैत्रिणींशी उर्दू आणि वर्गात मराठी बोलणारी मुलगी नसते. त्यांची गोष्ट सांगणार कोण? तक्रार रास्त आहे, पण नुसत्या तक्रारीने चित्रपट तयार होत नाही.

तुमच्या खिशातल्या मोबाईलवर दहा मिनिटांची फिल्म बनते. ती मराठीत बनवा, उर्दूत बनवा, दोन्ही मिसळून बनवा. बनवताना मित्र निवडा ते वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या धर्मांचे. मर्चंट यांची खरी कमाई तीच होती. पालकांना आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती: इंजिनीअरिंग आणि आखातातली नोकरी यांच्या पलीकडे मुलगा-मुलगी काही करू पाहत असेल, तर आधी ते काम बघा, मग बोला. लग्नाचे हॉल वर्षभर रिकामेही असतात. एखाद्या रविवारी तिथे मुलांच्या फिल्म दाखवायला काय हरकत आहे?

इस्माईल मर्चंट २५ मे २००५ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मुंबईत, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन केले गेले. आयुष्यभर तीन खंडांत वावरलेल्या या माणसाला आपण मूळचे कुठले, हे पक्के ठाऊक होते. ते ठाऊक असले, की जगात कुठेही जाता येते.