तक्ता वाचला, डोळे तपासले का?

सहा मीटरवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं वाचता आली, की ‘नजर उत्तम’ म्हणून आपण निश्चिंत होतो. नेदरलँड्सचे डॉ. हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केलेला हा तक्ता आजही शाळा आणि नेत्रशिबिरांतील तपासणीचा आधार आहे. तो स्वस्त आहे, थोड्या प्रशिक्षणानंतर शिक्षकही तो वापरू शकतात. चष्म्याची गरज त्यातून चटकन कळते, मोतीबिंदूचा संशयही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे. त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. त्यामुळे तक्त्याचे मोल मोठेच आहे.

पण काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते. मधली बराच काळ शाबूत राहते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजाही सुरुवातीला जाणवत नाही. असे रुग्ण तक्ता बिनचूक वाचतात आणि ‘नॉर्मल’ शेरा घेऊन घरी जातात. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही.

म्हणून शिबिराचे यश नुसत्या वाटलेल्या चष्म्यांवर मोजू नये. चाळिशीनंतर डोळ्यातील दाब आणि नस, तर मधुमेहींमध्ये दरवर्षी पडदा तपासायला हवा. पडद्याचा फोटो आता हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यानेही निघतो. पुढच्या शिबिरात तक्ता वाचून झाला, की जरूर विचारा : पडदा आणि नस कधी बघणार?