आंकडा खरा कशावरून?

नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेला पूर आला म्हणजे घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या यावरून पाण्याचा अंदाज कोणीहि बांधतो. पण एकानें पायऱ्या वरून मोजल्या व दुसऱ्यानें खालून, तर दोघांच्या आंकड्यांचा मेळ बसावा कसा? तेंच पाणी उत्तरेकडून देवळांत शिरून श्रींच्या पादुकांना स्पर्शून दक्षिणद्वारानें बाहेर पडलें, कीं वाद मिटतो. कारण पादुकांचें स्थान अढळ आहे. प्रत्येक मापाला अशी एक अढळ खूण लागते. एमआरआय यंत्रानें काढलेल्या आंकड्यांविषयीं आज आम्हांस हेंच सांगावयाचें आहे.

नेहमींच्या एमआरआय चित्रांत केवळ उजळ-काळ्या छटा असतात. एक भाग दुसऱ्याहून निराळा आहे, एवढेंच त्या सांगतात. परंतु शरीरांतील पाण्याचे हायड्रोजन-अणुगर्भ रेडिओलहरींनीं विचलित केल्यावर ते किती वेळांत पूर्वस्थितीवर येतात, हें मिलिसेकंदांत मोजतां येतें. हा काळ प्रत्येक ऊतींत निराळा असतो. रोगट गांठींत तो निरोगी ऊतींपेक्षां अधिक भरतो, असें डॉ. रेमंड डमेडियन यांनीं १९७१ सालीं उंदरांच्या ऊतींवर दाखविलें.

या आंकड्यावर किती अवलंबून असतें तें पाहा. थॅलेसीमियाच्या मुलास वारंवार रक्त द्यावें लागतें व त्यांतील लोह हृदयांत सांचतें. दीड टेस्ला शक्तीच्या यंत्रावर हृदयाचा 'टी-टू-स्टार' नांवाचा काळ २० मिलिसेकंदांहून कमी भरला, तर लोह सांचलें असें समजतात. तो १० च्या खालीं गेला तर हृदय दुबळें पडण्याचा धोका फार. लोह काढणाऱ्या औषधाची मात्रा ठरवितांना डॉक्टर हा आंकडा पाहतात. तीन टेस्लाच्या यंत्रावर मात्र तेंच हृदय पुष्कळ लहान आंकडा देतें; तेथें २० ची मर्यादा लावणें म्हणजे पायऱ्या भलत्याच टोकानें मोजणें होय.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. रेडिओलहरी शरीरांत सर्वत्र सारख्या पोहोंचत नाहींत. 'टी-वन' हा दुसरा काळ मोजण्याच्या एका जलद रीतींत लहरींनीं दिलेला कोन दशांशानें कमी पडला, तर उत्तर सुमारें पंचमांशानें चुकतें. म्हणून त्या लहरींचाच नकाशा काढून उत्तर दुरुस्त करतात. शिवाय निकेल क्लोराइड व मँगनीज क्लोराइड यांच्या द्रावणांनीं भरलेले, ज्यांचे काळ आधींच ठाऊक आहेत असे गोळे यंत्रांत ठेवून यंत्राचीच परीक्षा घेतात. द्रावणाचें उष्णतामानहि टिपावें लागतें, कारण त्यानेंहि काळ बदलतो. यंत्राची अढळ खूण ती हीच.

मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेनें दीड टेस्लाचें स्वदेशी यंत्र घडविण्याचें काम हातीं घेतलें आहे. यंत्रें वाढतील तसतशी एका मापाची गरजहि वाढेल.

सोनें घेतांना काट्याकडे बारकाईनें पाहणारीं आपण माणसें. मुलाच्या तपासणींतहि तीच दृष्टि ठेवावी. जुने अहवाल जपून ठेवावे, शक्यतों त्याच यंत्रावर व त्याच रीतीनें पुन्हां तपासणी करवावी, आणि यंत्राची शक्ति किती व त्याची परीक्षा केव्हां झाली हें निःसंकोच विचारावें. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून बदलूं नये. आंकडा छापील आहे एवढ्यानेंच तो खरा ठरत नाहीं.